हेय्नोव्हाचं हर्डल: ७६.२ सेंटीमीटरचा अडथळा विकत घेताना

दोन उभे पाइप, वर एक आडवी पट्टी, खाली दोन पाय आणि त्या पायांत सरकणारी दोन वजनं. स्पर्धेच्या हर्डलमध्ये याहून जास्त काही नसतं. पण क्रीडासाहित्यात सगळ्यात कमी तपासून घेतली जाणारी वस्तूही हीच. गोळा घेताना वजन करतात, भाला घेताना लांबी मोजतात. हर्डल मात्र सरळ उभं राहिलं की पास होतं. हे परीक्षण सरकत्या वजनांच्या, पाच उंचींना लावता येणाऱ्या हर्डलचं आहे. महिलांच्या ४०० मीटर शर्यतीसाठी ते ७६.२ सेंटीमीटरवर लावतात. परीक्षणाला माप म्हणून चेक धावपटू झुझाना हेय्नोव्हा घेतली आहे, कारण दहा हर्डल्स एकसारखी असली की काय साधतं हे तिच्या धावण्याइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

आधी तिच्याबद्दल. जन्म १९ डिसेंबर १९८६, लिबेरेत्सचा. क्लब प्रागचा दुक्ला. मोठी बहीण मिखाएला हेप्टाथलॉनपटू (सात प्रकारांची एकत्र स्पर्धा), आणि झुझाना स्वतःही बंदिस्त सभागृहातलं, म्हणजे इनडोअर पेंटाथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) खेळलेली. हे सांगायचं कारण असं, की पेंटाथलॉनची सुरुवातच ६० मीटर हर्डल्सने होते आणि तिथली उंची ८३.८ असते. त्या उंचीची सवय असलेल्या पायांना ७६.२ वर घाबरायला होत नाही. २००३ मध्ये ती कुमारवयीन जागतिक विजेती झाली, २००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत सातवी आली. २०१२ ला लंडनमध्ये ५३.३८ सेकंदांत तिसरी. पुढे पहिल्या आलेल्या रशियन नताल्या अंत्युखचा निकाल उत्तेजकांमुळे रद्द झाला, तेव्हा अमेरिकेच्या लशिंडा डेमसकडे सुवर्ण गेलं आणि हेय्नोव्हाचं कांस्य रौप्य झालं. दशकभर उशिरा मिळालेली दाद होती ती.

तिचं खरं वर्ष २०१३. २ ऑगस्टला चेक प्रजासत्ताकातल्या खेब गावी तिने ३०० मीटर हर्डल्समध्ये ३८.१६ ही जगातली सर्वोत्तम वेळ दिली. १५ ऑगस्टला मॉस्कोत जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी तिने ५२.८३ मध्ये जिंकली. दुसरी आलेली दलिला मुहम्मद ५४.०९, तिसरी डेमस ५४.२७. पहिली-दुसरीत १.२६ सेकंदांचं अंतर! सरासरी वेगाने हिशेब केला तर जवळजवळ साडेनऊ मीटर. जागतिक अंतिम फेरीत एवढी मोकळी जागा मागे ठेवून कुणी येतं तेव्हा कॅमेऱ्यालाही दोघींना एका चौकटीत बसवणं अवघड जातं. त्या मोसमात ४०० मीटर हर्डल्समध्ये तिला कुणी हरवलं नाही, डायमंड लीग ही मोसमभर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शर्यतींची मालिका तिची झाली आणि युरोपची त्या वर्षीची सर्वोत्तम महिला अ‍ॅथलीट म्हणून तिची निवड झाली. २०१४ पायाच्या दुखापतीने खाल्लं. २०१५ मध्ये बीजिंगला ती परत आली आणि ५३.५० मध्ये पुन्हा विश्वविजेती ठरली. नंतर रिओ ऑलिम्पिकमध्ये चौथी (५३.९२), २०१७ च्या लंडन जागतिक स्पर्धेत पुन्हा चौथी. त्याच २०१७ मध्ये बेलग्रेडला युरोपियन इनडोअरमध्ये हर्डल्सशिवायच्या ४०० मीटरमध्ये रौप्यपदक.

चेक लोकांना अ‍ॅथलेटिक्समधल्या मोठेपणाची सवय आहे. लांब पल्ल्याचा धावपटू झातोपेक त्यांचा. ८०० मीटरचा १:५३.२८ हा १९८३ पासून टिकून राहिलेला विक्रम क्रातोख्विलोव्हाचा. भालाफेकीत ९८.४८ मीटरवाला झेलेझ्नी आणि ७२.२८ मीटरवाली श्पोताकोव्हा त्यांचेच. अशा देशात हर्डल्सची धावपटू लोकांच्या मनात घर करते ती नुसत्या पदकांवर करत नाही. हेय्नोव्हाची शर्यत घरी बसून पाहणाऱ्यालाही कळते. पहिल्या हर्डलपासून दहाव्यापर्यंत तोच ताल, अडखळणं नाही, शेवटच्या सरळ पट्ट्यात पावलं बारीक करत चाचपडणं नाही. तिच्याच काळात डेनिसा रोसोलोव्हा ही दुसरी चेक मुलगी २०१२ मध्ये हेलसिंकीला याच शर्यतीत युरोपियन विजेती झाली, त्यामुळे घरच्या चुरशीचाही रंग होता. पुढे २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या फेमके बोलने ओस्ट्राव्हात, म्हणजे चेक प्रेक्षकांसमोरच, ३६.८६ धावून ३०० मीटरचा तो आकडा मागे टाकला.

आता वस्तूकडे वळू.

नियमाचे आकडे पाठच करावेत, कारण दुकानदाराला ते बहुधा माहीत नसतात. रुंदी १.१८ ते १.२० मीटर. लेन १.२२ मीटरची, म्हणजे हर्डल लेन जवळजवळ भरून टाकतं आणि दोन्ही बाजूंना एखाद-दोन सेंटीमीटरच उरतात. एकूण वजन निदान १० किलो. पायांची लांबी जास्तीत जास्त ७० सेंटीमीटर. वरची पट्टी लाकडाची किंवा धातू नसलेल्या दुसऱ्या पदार्थाची, ७ सेंटीमीटर उंच, १ ते २.५ सेंटीमीटर जाड, वरच्या कडा गोलसर. पट्टीवर गडद-फिके पट्टे, टोकांना फिका रंग आणि तो निदान साडेबावीस सेंटीमीटर रुंद. टोकांचा हा फिका रंग कामाचा असतो: वळणावर धावताना हर्डल कुठे संपतं हे डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्यामुळेच कळतं. पट्टीच्या मध्यावर १० किलोच्या वजनाइतका जोर लावला तर ती, पाइप वाकून सरकतात ते धरून, साडेतीन सेंटीमीटरपेक्षा जास्त मागे जाता कामा नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा ३.६ ते ४ किलोचा. पट्टीच्या वरच्या कडेला मध्यावर एवढा आडवा जोर लागला की हर्डल पडलं पाहिजे. त्याहून कमी जोरात पडलं तर वारा ते पाडेल, जास्त लागला तर ते धावपटूला पाडेल.

इथेच सरकती वजनं कामाला येतात. ढकलण्याचा जोर गुणिले पट्टीची उंची बरोबर पायांतल्या वजनांची मागची ओढ. उंची कमी केली आणि वजनं आहेत तिथेच राहिली, तर तीच ओढ मोडायला वर जास्त जोर लागतो. हिशेब करून पाहा. पुरुषांच्या ११० मीटरसाठी हर्डल १०६.७ वर आणि ३.८ किलोला बरोबर लावलेलं आहे. ते ७६.२ वर उतरवलं आणि वजनांना हात लावला नाही, तर पडायला ५.३ किलो लागतील. पुरुषांच्या ४०० मीटरच्या ९१.४ वरून उतरवलं तर सुमारे ४.६. उलट मुलींचं ७६.२ चं हर्डल तसंच वर ओढून ९१.४ केलं तर ३.२ किलोतच कोसळेल. शालेय आणि जिल्हा स्पर्धांत पुरुषांची आणि महिलांची ४०० मीटर हर्डल्स पाठोपाठ असतात. मधल्या पंधरा मिनिटांत स्वयंसेवक पट्ट्या भराभर खाली करतात आणि वजनं विसरतात. नंतर मुलीचं मागचं गुडघं पट्टीला लागतं, पट्टी हलतच नाही, मुलगी तोंडावर पडते, आणि दोष तिच्या तंत्राला दिला जातो. तंत्राचा दोष असेलही, पण आधी वजनं कुठे होती ते बघावं.

म्हणून घेताना पाहायची पहिली गोष्ट ही, की पायांवर प्रत्येक उंचीसाठी वजनाची जागा कोरलेली आहे का. पाच उंची, पाच खुणा: ७६.२, ८३.८, ९१.४, ९९.१, १०६.७. रंगाने लिहिलेल्या खुणा एका पावसाळ्यात जातात. कोरलेल्या किंवा ठोकलेल्या टिकतात. वजनं योग्य जागी खटक्याने अडकायला हवीत. काही हर्डल्समध्ये वजन पायाच्या पाइपच्या आत असतं आणि बटण दाबून सरकतं. दिसायला सुबक, पण मातीच्या मैदानावर त्याच्या स्प्रिंगमध्ये धूळ बसून बटण अडकतं. मातीवर वापरायचं असेल तर बाहेरून दिसणारं, पिनेने अडकणारं वजनच घ्यावं. ते कुठे आहे हे दहा पावलांवरून कळतं, आणि पंचाला लेनमधून चालत जाता जाता तपासता येतं.

तपासणी अशी करा. हर्डल सपाट फरशीवर ठेवा. स्प्रिंगच्या वजनकाट्याचा हूक पट्टीच्या मध्यावर वरच्या कडेला दोरीने बांधा. धावपटू ज्या दिशेने जातो त्या दिशेला, अगदी आडवं, हळूहळू ओढा. झटका दिला तर आकडा खोटा येतो. पाय उचलले जातात त्या क्षणी काटा काय दाखवतो ते लिहून घ्या. प्रत्येक उंचीला तीनदा. फरशी गुळगुळीत असेल तर हर्डल पडण्याऐवजी घसरतं. तेव्हा दोन्ही पाइपांच्या तळापुढे, पुढच्या बाजूने, एक लाकडी पट्टी अडवून धरा. पाच उंचींपैकी एकीलाही आकडा ३.६ ते ४ च्या बाहेर गेला तर ते स्पर्धेचं हर्डल नव्हे, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

दुसरी तपासणी पिनांची. उंची दोन्ही बाजूंना वेगळी लावली जाते आणि घाईत एक बाजू एका भोकाने वर राहते. साडेसात सेंटीमीटरच्या वरचा तिरपेपणा लांबून लगेच दिसत नाही, धावणारीला मात्र चांगलाच भोवतो. पिन आत बसल्याचा आवाज स्पष्ट यावा, आणि बसल्यावर पट्टी हाताने वर-खाली हलता कामा नये. नियमाने उंचीत तीन मिलिमीटर इकडे-तिकडे चालतं. पिनेची भोकं झिजली की तेवढं कधीच ओलांडलं जातं. तिसरी तपासणी स्क्रूंची. पट्टी पाइपला जोडणाऱ्या स्क्रूचं डोकं पट्टीत बुडालेलं असावं. बाहेर आलेल्या स्क्रूने घोट्याची आतली बाजू किंवा गुडघा फाटतो. शंभरेक वेळा पडल्यावर हे स्क्रू सैल होतातच, म्हणून महिन्यातून एकदा पाना फिरवायचा.

हर्डल मांडताना होणारी एक चूक सरळ धोक्याची आहे. पाय नेहमी धावपटू येते त्या बाजूला असले पाहिजेत. पट्टीला धक्का लागला की पाय वर उचलले जातात आणि हर्डल पुढे पडतं. उलटं ठेवलं, म्हणजे पाय पट्टीच्या पलीकडे गेले, तर तेच पाय टेकूसारखे जमिनीत रोवून उभे राहतात. ते हर्डल पडत नाही. सरावात मुलं परत येताना उलट दिशेने हर्डल्सवरून उड्या मारतात. हे पहिल्या दिवसापासून बंद करावं. दुसरी सवय विटांची. वाऱ्याने हर्डल्स पडतात म्हणून पायांवर विटा ठेवल्या जातात. एक वीट पायाच्या टोकाला ठेवली की पडायला लागणारा जोर किती वाढतो ते त्याच काट्याने एकदा मोजून पाहावं. नंतर कुणी वीट उचलणार नाही.

मांडणीची मापं: पहिलं हर्डल ४५ मीटरवर, पुढे प्रत्येकी ३५, शेवटच्यापासून अंतिम रेषा ४० मीटर. सगळी मापं सुरुवातीच्या रेषेपासूनच मोजावीत: ४५, ८०, ११५, १५०, १८५, २२०, २५५, २९०, ३२५, ३६०. एकेका हर्डलपासून पुढचं ३५ मोजत गेलं की छोट्या चुका साठत जातात. टेप पोलादी हवी. कापडी टेप ताणली जाते. वळणावर मोजताना टेप लेनच्या आतल्या रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेर धरायची, आणि पहिल्या लेनला उंच कठडा असेल तर ३० सेंटीमीटर. सिंथेटिक ट्रॅकवर ४०० मीटर हर्डल्सच्या खुणा बहुतेक ठिकाणी हिरव्या असतात. पट्टीची धावपटूकडची कड खुणेच्या धावपटूकडच्या कडेवर यायला हवी. पाय खुणेवर ठेवले तर हर्डल अर्धा-पाऊण मीटर पुढे सरकतं, आणि ही चूक सरसकट होते.

अर्ध्या मीटरने काय बिघडतं? ३५ मीटरमधून उडी घेतानाचे साधारण दोन आणि उतरल्यानंतरचा एक-सव्वा मीटर वजा केला तर धावायला ३२ मीटरच्या आतबाहेर उरतात. पंधरा पावलांत ते कापायचे तर एक पाऊल सुमारे २.१ मीटरचं. मोठ्या स्पर्धांत बऱ्याचजणी पंधरा पावलांवर धावतात, काही चौदावर जातात. विषम पावलं असली की प्रत्येक हर्डलला तोच पाय पुढे येतो, सम असली की पाय बदलतो. म्हणून चौदाला दोन्ही पायांनी उडी सारखी जमावी लागते. अर्ध्या मीटरची चूक एकाच हर्डलला झाली तर ती पंधरा पावलांत वाटून घ्यायला धावणारीला सवड नसते. तिला ती कळते शेवटच्या दोन-तीन पावलांत, आणि मग एक तर ती दचकून पाऊल तोडते किंवा लांबून झेपावते. दोन्हीत वेग जातो.

हेय्नोव्हाची ५२.८३ ही वेळ ३५ मीटरच्या तुकड्यांत मांडली तर सरासरी एका तुकड्याला ४.६२ सेकंद पडतात. आपल्याकडे ज्या शर्यतीची आठवण चाळीस वर्षांनीही निघते, ती १९८४ ची लॉस एंजेलिसची, पी. टी. उषाची वेळ ५५.४२, कांस्यपदक शंभराव्या भागाने हुकलेलं. तिचा तुकडा सरासरी ४.८५ चा. जागतिक विजेती आणि आपला राष्ट्रीय विक्रम यांच्यातला फरक असा एका हर्डलमागे पावसेकंदाच्या आत येतो. चुकीच्या जागी ठेवलेलं किंवा न पडणारं एकच हर्डल तेवढं सहज खाऊन टाकतं.

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. पहिला वर वर्णन केलेला, प्रमाणित स्पर्धेचा. दुसरा सरावाचा हलका, वजनं नसलेला, पाय आखूड. सुरुवातीला लय बसवायला तो चांगला, कारण लागला तर लगेच पडतो आणि भीती जाते. पण वाऱ्यात टिकत नाही, आणि त्याच्यावर शिकलेली मुलगी पट्टीला घासून जाण्याची सवय लावून घेते. तिसरा गावोगावच्या शाळांत दिसतो तो, लोखंडी पाइप वेल्डिंग करून केलेला, एकाच उंचीचा, खाली सारख्या लांबीचे पाय पुढे-मागे. हा घेऊच नये. मागे-पुढे सारखे पाय असलेलं हर्डल कुठल्याच बाजूने नीट पडत नाही. शाळेच्या गोदामात असतील तर पुढचे पाय कापून घ्यावेत, मागच्यांना वजन लावून काट्यावर तपासावं. आणि पट्टी लोखंडी असेल तर ती काढून लाकडी बसवावी. गावचा वेल्डर हे एका दिवसात करून देतो.

किती घ्यावीत? आठ लेनच्या पूर्ण स्पर्धेला ८० लागतात, म्हणजे निदान ८०० किलो माल, आणि वाहायला ट्रॉली. क्लबला त्याची गरज नाही. एका लेनची दहा पुरतात. पैसे कमी असतील तर सात घ्या: ४०० च्या खुणांवरची शेवटची सात मांडून अंतिम रेषेच्या ३०० मीटर आधी सुरुवात केली की पहिलं हर्डल ५० मीटरवर येतं, पुढे ३५-३५, शेवटी ४०. हेय्नोव्हाने खेबला विक्रम केला त्याच अंतराचा हा सराव होतो. ४०० मीटरपेक्षा तो लवकर उरकतो, आणि दमल्या पायांनी वळणातून बाहेर पडून शेवटच्या सरळ पट्ट्यावर लय सांभाळायची खरी परीक्षा त्यात पूर्ण होते. सातही एकाच उत्पादकाची आणि एकाच खेपेची असावीत. चार जुनी, तीन नवी अशी मांडणी केली की प्रत्येक हर्डल वेगळ्या जोराने पडतं आणि धावणारी नकळत अवघड वाटणाऱ्या हर्डलवर जास्त उंच उडते. या वस्तूचा एकसारखेपणा हाच तिचा गुण आहे. वीस भलतीसलती घेण्यापेक्षा सात खरी घ्यावीत.

देखभाल थोडी आणि नेमकी. पाइपच्या तोंडावरच्या रबरी टोप्या हरवल्या की आत पाणी जाऊन गंज धरतो आणि उंची बदलणारा आतला पाइप अडकतो. टोप्या खेपेबरोबर जादा मागून घ्या. प्लास्टिकची पट्टी उन्हात दोन-तीन वर्षांत ठिसूळ होते. तडा गेलेली पट्टी चिकटपट्टी लावून वापरायची नाही, ती तुटताना टोकदार होते. लाकडी पट्टीला पावसाळ्याआधी वॉर्निशचा हात द्यावा. हर्डल्स रचताना पाय एकमेकांत सरकवून उभीच ठेवावीत. आडवी ढीग घालून ठेवली की खालच्यांच्या पट्ट्या वाकतात आणि मध्याची उंची काही मिलिमीटर कमी भरते. माल ताब्यात घेताना मोजणीच्या पट्टीने प्रत्येक हर्डलची मधली आणि दोन्ही टोकांची उंची ७६.२ वर मोजा, काट्याचा आकडा त्याच्या पायावर मार्करने लिहा, आणि नापास झालेली त्याच दिवशी परत पाठवा.